कांठापासून सीमेपर्यंत

कोणत्याहि भाषेच्या कोशांत एका अर्थाचे म्हणून जे शब्द एका रांगेंत बसविलेले असतात, ते वस्तुतः एका घरचे नसतात. कोशकाराच्या सोयीसाठीं ते शेजारीं बसतात एवढेंच. प्रत्येकाचें कूळ आणि पूर्ववृत्त निराळें असतें. व्यवहारांत बोलणारा मनुष्य या भेदाचा विचार करीत नाहीं, पण तो भेद पाळतो मात्र बिनचूक. मराठी गृहिणी तलवारीला कांठ आहे असें कधीं म्हणणार नाहीं, आणि लुगड्याला धार आहे असेंहि म्हणणार नाहीं. नदीला कांठ, समुद्राला किनारा, डोंगराला कडा, शेताला बांध, गांवाला शीव, राज्याला सरहद्द आणि कागदाला समास, ही वांटणी तिला कोणीं शिकविलेली नसते. ती भाषेबरोबरच तिच्या पदरांत पडते. यांपैकीं किनारा फारशींतून आला, सरहद्दींतील 'सर' फारशी व 'हद्द' अरबी आहे, आणि शीव ही संस्कृत 'सीमे'ची लेक आहे, हें तिला ठाऊक नसलें तरी तिचें कांहीं अडत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकाचें मात्र अडतें. कारण कोणता शब्द कोणाबरोबर आला हें समजल्यावांचून त्या देशावर कोण कोण येऊन गेलें याचा पुरा उलगडा होत नाहीं.

इंग्रजी भाषेंत कडेला किंवा कांठाला असे डझनावारी शब्द आहेत. पेल्याचा 'ब्रिम', चाकाची 'रिम', झग्याचा 'हेम', शालीची 'फ्रिंज', पानाची 'मार्जिन', रस्त्याचा 'व्हर्ज', दरीचा 'ब्रिंक', सुरीची 'एज', शेताची 'बाउंडरी', राज्याचा 'फ्रंटियर' आणि या सर्वांत मिसळून वावरणारी 'बॉर्डर'. आपल्याकडील विद्यार्थी हे शब्द पाठ करतात आणि एकाच्या जागीं दुसरा घालून मोकळे होतात. त्यांना वाटतें, ही केवळ शब्दांची श्रीमंती आहे. आमच्या मतें ती श्रीमंती नसून त्या बेटाच्या इतिहासाचे थर आहेत. आणि या थरांत 'बॉर्डर' हा शब्द सर्वांत बोधप्रद आहे. वस्त्राच्या कांठापासून निघून हा शब्द दोन राज्यांच्या मधल्या रक्तानें भिजलेल्या भूमीपर्यंत कसा पोंचला, एका राजानें तो पुसून टाकण्याचा हुकूम केला असतांहि तो कसा टिकला, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

या कुळांतील वडीलधारा शब्द 'एज' होय. पांचव्या शतकांत जर्मानिक टोळ्या ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरूं लागल्या, तेव्हां हा शब्द त्यांच्या कमरेला लटकत होता असें म्हटलें तरी चालेल. कारण प्राचीन इंग्रजी काव्यांत त्याचा अर्थ नुसती धार असा नसून कित्येकदां प्रत्यक्ष तलवार असाच आहे. लॅटिनमधील 'आकिएस', म्हणजे धार आणि तसेंच लढाईंतील सैन्याची फळी, हा त्याचा भाऊबंद. आपल्या संस्कृतांतील 'अश्रि' हा शब्दहि त्याच कुळांतला. चौकोनी वस्तूस आपण 'चतुरश्र' म्हणतों त्यांत तो आजहि जिवंत आहे. डर्बीशायरच्या पठारावरील तुटलेल्या कड्यांना लोक अजून 'एज' म्हणतात, आणि १६४२ सालीं चार्ल्स राजा व पार्लमेंट यांच्या सैन्यांची पहिली मोठी लढाई जेथें झाली त्या एजहिलच्या नांवांतहि तोच शब्द आहे. मनुष्य अस्वस्थ व चिडखोर झाला म्हणजे तो 'एज'वर आहे असें इंग्रज म्हणतो. स्पर्धेंत एकाचें पारडें किंचित् जड असलें म्हणजे त्याला 'एज' आहे असें म्हणतो. आपणहि एखाद्याला धारेवर धरतोंच. शस्त्र हातांतून गेलें तरी त्याची भाषा तोंडांतून जात नाहीं.

याच लोकांजवळ भूमीच्या कडेसाठीं 'मेअर्क' नांवाचा शब्द होता. त्याचा अर्थ हद्द. पुढें हद्द दाखविणारी खूण. आणि शेवटीं नुसती खूण. आज आपल्या घराघरांत ज्यांच्यासाठीं मुलांच्या आयांची झोंप उडते ते परीक्षेंतले 'मार्क' याच शब्दाचे वंशज आहेत, ही गोष्ट पुष्कळांस गमतीची वाटेल. लॅटिन 'मार्गो' व फारशी 'मर्झ' हे त्याचे नातलग असून दोहोंचाहि अर्थ कडा किंवा हद्द असाच आहे. सातव्या-आठव्या शतकांत इंग्लंडच्या मध्यभागीं मर्शिया नांवाचें प्रबळ राज्य होतें. त्या नांवाचा अर्थ 'सीमेवरचे लोक' असा आहे. त्याच राज्याच्या ऑफा नांवाच्या राजानें, ज्याची कारकीर्द ७५७ पासून ७९६ पर्यंत झाली, वेल्सच्या बाजूस मातीचा प्रचंड बांध घातला. त्या बांधाचे अवशेष आजहि दिसतात.

जर्मानिक मूळ असलेला हाच शब्द फ्रान्समध्यें जाऊन 'मार्च' या रूपानें नॉर्मन लोकांबरोबर पुन्हां इंग्लंडांत आला. 'मार्च' म्हणजे रेषा नव्हे. दोन सत्तांच्या मधला रुंद, अर्धवट जिंकलेला आणि अर्धवट बेवारशी असा मुलूख. वेल्सच्या कडेला असलेल्या अशा मुलखांत नॉर्मन सरदार इतके स्वतंत्र झाले कीं राजाचा हुकूम तेथें नेहमींच्या रीतीनें चालत नसे. ते स्वतः किल्ले बांधीत, न्याय करीत व लढाया करीत. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत १५३६ पासून केलेल्या कायद्यांनीं हा प्रकार बंद झाला. पण 'मार्च'ची रखवाली करणाऱ्या सरदाराची पदवी मात्र उरली, ती 'मार्क्विस'. आपल्याकडील वाचकांस हें नांव अपरिचित नाहीं. १८०२ सालच्या वसईच्या तहानें पेशवाईच्या गळ्यांत तैनाती फौजेचा फांस अडकविणारा गव्हर्नर जनरल मार्क्विस वेल्स्ली, आणि १८१८ सालीं ती पेशवाई बुडविणारा मार्क्विस हेस्टिंग्स, हे दोघेहि नांवानें सीमेचे रखवालदार. आपली सीमा राखण्याचें काम त्यांनीं दुसऱ्याच्या सीमा पुसून कसें केलें, तें महाराष्ट्रानें अनुभवलेलेंच आहे.

लॅटिन व फ्रेंच यांच्या वाटेनें आलेल्या इतर शब्दांचा परामर्श थोडक्यांत घेऊं. 'लिमिट' हा रोमन साम्राज्याच्या 'लीमेस'पासून झाला. मुळांत दोन शेतांमधली वाट, मग साम्राज्याच्या कडेची वाट, आणि मग ती कडाच. इ. स. १२२ मध्यें हेड्रियन बादशहानें टाइन नदीपासून सोल्वेच्या खाडीपर्यंत सुमारें ७३ मैलांची जी भिंत बांधण्यास आरंभ केला, ती या कडेचें सर्वांत प्रसिद्ध स्मारक होय. हीच इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा, असा अनेकांचा समज असतो. पण ती भिंत आज सबंधच्या सबंध इंग्लंडांत आहे. 'व्हर्ज' म्हणजे मूळ काठी. राजवाड्याच्या अधिकाऱ्याच्या हातीं अधिकाराची काठी असे. राजाच्या मुक्कामाभोंवतीं बारा मैलांपर्यंत त्या अधिकाराची सत्ता चाले, आणि तेवढ्या टापूला 'व्हर्ज' म्हणत. काठीवरून टापू, टापूवरून त्याची कड, आणि आतां रस्त्याच्या कडेची हिरवळ असा या शब्दाचा प्रवास झाला. कोणी रडण्याच्या बेतांत असला म्हणजे तो अश्रूंच्या 'व्हर्ज'वर असतो. 'ब्रिंक' उत्तरेकडील खलाशी व व्यापारी लोकांबरोबर आला आणि कड्याच्या टोंकाशींच उभा राहिला. त्याच्या पुढें फक्त खोल दरी. म्हणून युद्धाच्या अगदीं तोंडाशीं जाऊन परत फिरण्याच्या राजकारणास अमेरिकेंत १९५६ सालीं नवें नांव देण्यांत आलें तें याच शब्दावरून. 'फ्रिंज' ही वस्त्राची झालर. १९४७ सालीं एडिंबरा येथें मोठा कलामहोत्सव भरला, तेव्हां आठ नाटकमंडळ्या निमंत्रणावांचून येऊन कडेकडेनें खेळ करूं लागल्या. त्या झालरीचें नांव लवकरच पडलें आणि आज ती झालर मूळ वस्त्राहून मोठी झाली आहे.

'मार्जिन'चें भाग्य याहून चमत्कारिक. पानाच्या कडेची ही मोकळी जागा लिहिण्यासाठीं नसते, पण विद्वानांनीं आपले मोलाचे शब्द नेमके तेथेंच लिहिले. फ्रेंच गणिती फेर्मा यानें सतराव्या शतकांत एका ग्रीक ग्रंथाच्या समासांत लिहून ठेवलें कीं एका सिद्धान्ताचें सुंदर प्रमाण आपणांस सुचलें आहे, पण समास त्याला पुरत नाहीं. तें प्रमाण जगाला मिळण्यास १९९५ साल उजाडावें लागलें, आणि तें अँड्र्यू वाइल्स यांनीं दिलें. व्यापारांत नफ्याची 'मार्जिन', परीक्षेंत थोडक्यांत तरलेल्याची 'मार्जिन', आणि समाजशास्त्रांत दोन समाजांच्या मधोमध लोंबकळणारा मनुष्यहि 'मार्जिन'वरचा. हा शेवटचा प्रयोग १९२८ सालीं रॉबर्ट पार्क या अमेरिकन पंडितानें रूढ केला.

आतां 'बॉर्डर'कडे वळूं. या शब्दाचें मूळ जर्मानिक 'बोर्ड', म्हणजे फळी, कडा, जहाजाची बाजू. इंग्रजांच्या घरीं हा शब्द पूर्वींपासून होताच. जहाजाच्या उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात त्यांत तो आहे. परंतु त्याची एक बहीण फ्रँक लोकांबरोबर फ्रान्सांत नांदावयास गेली, तेथें फ्रेंच वळणाची 'बोर्द्यूर' झाली, आणि चौदाव्या शतकांत वस्त्राचा कांठ या अर्थानें माहेरीं परतली. त्या काळच्या इंग्रजींत 'बॉर्डर' म्हणजे झग्याची कशिद्याची किनार, पडद्याची पट्टी, आणि सरदाराच्या ढालीवरील चिन्हाभोंवतीं काढलेला पट्टा. ढालीवरचा हा पट्टा कित्येकदां घरांतील धाकट्या शाखेची ओळख पटविण्यासाठीं असे. या सर्व अर्थांत एक गोष्ट समान आहे. कांठ हा वस्त्राचाच भाग असतो, त्याला रुंदी असते, आणि बहुधा वस्त्राचें सर्व सौंदर्य तेथेंच एकवटलेलें असतें.

सोळाव्या शतकांत स्कॉटलंडांतील लोकांनीं हा शब्द आपल्या देशाच्या दक्षिण कडेस लावला. तत्पूर्वीं या मुलखास 'मार्च' म्हणत. एकवचनांत 'बॉर्डर' म्हणावें किंवा अनेकवचनांत 'बॉर्डर्स', दोहोंचाहि अर्थ एकच : इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या मधला, दोन्हीकडे पसरलेला पट्टा. इंग्रजी भाषेंत राज्याची सीमा या अर्थानें या शब्दाची प्रतिष्ठा झाली ती या एका मुलखामुळें.

ही सीमा कशी ठरली हेंहि पाहण्यासारखें आहे. इ. स. १२३७ मध्यें यॉर्क येथें स्कॉटलंडचा दुसरा अलेक्झांडर व इंग्लंडचा तिसरा हेन्री यांच्यांत तह झाला, आणि ट्वीड नदीपासून चेव्हियट डोंगरावरून सोल्वेच्या खाडीपर्यंतची सुमारें ९६ मैलांची सीमा बहुतेक आजच्यासारखी कायम झाली. पण कागदावर ठरणें निराळें आणि जमिनीवर ठरणें निराळें. त्याच शतकांत दोन्ही बाजूंचे सहा-सहा सरदार शपथ घेऊन शीव चालून पाहण्यास निघाले. इंग्रज एका वाटेनें चालूं लागले, स्कॉट म्हणाले वाट ही नव्हेच, आणि काम तेथेंच राहिलें. १२४९ सालीं मात्र दोन्हीकडच्या बारा-बारा सरदारांनीं बसून सीमेचे कायदे लिहून काढले. दोन राष्ट्रांच्या प्रजेसाठीं दोघांनींहि मान्य केलेला, दोघांच्याहि राजधान्यांतील कायद्याहून वेगळा असा हा तिसरा कायदा होता. सीमेवर राहणारा मनुष्य केवळ इकडचा किंवा तिकडचा नसतो, ही जाणीव त्या कायद्याच्या मुळाशीं होती.

१२९६ सालीं पहिल्या एडवर्डनें बेरिक शहर घेतलें आणि दोन राज्यांत जें युद्ध पेटलें तें मधूनमधून धुमसत तीनशें वर्षें चाललें. बेरिक शहर कितीदां इकडून तिकडे गेलें आणि आलें. १४८२ पासून तें कायमचें इंग्लंडकडे आहे. सैन्यें येत, उभें पीक जाळीत आणि जात. अशा मुलखांत पेरणी कोण करणार ? पीक उचलून पळतां येत नाहीं. गुरें हांकून नेतां येतात. म्हणून तेथील लोकांनीं नांगर सोडून घोडा धरला. शरद ऋतूंत रात्री मोठ्या झाल्या, गुरें कुरणावर पोसून सशक्त झालीं, म्हणजे घोडेस्वारांच्या टोळ्या निघत आणि पलीकडचीं गुरें रातोरात अलीकडे आणीत. आर्मस्ट्राँग, एलियट, ग्रॅहॅम, केर, स्कॉट हीं त्यांतील नांवाजलेलीं घराणीं. यांपैकीं ग्रॅहॅम तर सीमेच्या दोन्ही अंगांस पसरलेले. गरजेप्रमाणें ते इंग्रज होत, गरजेप्रमाणें स्कॉट. ज्याला लूट नको असेल त्यानें या टोळ्यांस ठराविक खंडणी द्यावी. 'मेल' म्हणजे खंड. या काळ्या खंडाचें नांव पडलें 'ब्लॅकमेल'. आज वर्तमानपत्रांत रोज दिसणारा हा शब्द याच मुलखाची देणगी आहे.

तेथील बंदोबस्तहि तितकाच विलक्षण. प्रत्येक बाजूस पूर्व, मध्य व पश्चिम असे तीन 'मार्च', आणि प्रत्येकावर एक नाईक. ज्याचीं गुरें गेलीं असतील त्यानें सहा दिवसांच्या आंत भाल्याच्या टोंकाला जळती ढेप लावून, कुत्रे व शिंग घेऊन उघडपणें पाठलाग केला, तर त्याला सीमा ओलांडण्याची मुभा असे. सीमेपलीकडच्या स्त्रीशीं परवानगीवांचून लग्न करणें हा राजद्रोह गणला जाई. आणि तरीहि अशीं लग्नें होत असत. दोन्हीकडचे नाईक ठराविक दिवशीं भेटून तंटे तोडीत, आणि त्या दिवशीं दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंत कोणीं कोणाला हात लावावयाचा नाहीं असा करार असे. १५९६ सालीं अशाच सभेहून घरीं परतणारा किन्मंटचा विली आर्मस्ट्राँग यास इंग्रजांनीं धरून कार्लाइलच्या किल्ल्यांत टाकलें. तो अट्टल दरोडेखोर होता याबद्दल दुमत नव्हतें. पण करार मोडला गेला होता. बक्लूच्या सरदारानें रात्रीं किल्ल्यांत माणसें घुसवून त्याला सोडवून नेलें. एलिझाबेथ राणी संतापली आणि प्रकरण दोन राज्यांच्या दरबारांपर्यंत गेलें. एका चोरासाठीं एवढा गहजब कां, असें लंडनमध्यें बसलेल्यास वाटलें असेल. सीमेवरच्या लोकांना मात्र तो चोराचा प्रश्न नव्हताच. शब्द पाळण्याचा होता.

या सर्वांवर कळस म्हणजे 'डिबेटेबल लँड', म्हणजे वादग्रस्त भूमि. एस्क व सार्क या नद्यांच्या मध्यें सुमारें दहा मैल लांब व चार मैल रुंद असा हा तुकडा. तो कोणाचा हें ठरेना, म्हणून असें ठरलें कीं दिवसा दोघांनींहि तेथें गुरें चारावींत, पण कोणीं घर बांधूं नये व नांगर धरूं नये. अर्थात् जेथें कोणाचाच कायदा नाहीं तेथें सर्व प्रकारचे फरारी येऊन घरें बांधूं लागले. तेव्हां दोन्ही सरकारांनीं जाहीर केलें कीं तेथें राहणाऱ्यास कोणींहि लुटलें, जाळलें वा मारलें तरी दाद लागणार नाहीं. अखेर १५५२ सालीं वांटणी झाली. इंग्रजांनीं एक रेषा सुचविली, स्कॉटांनीं दुसरी, आणि मध्यस्थ म्हणून बसलेल्या फ्रेंच वकिलानें दोहोंच्या मधून तिसरी ओढली. त्या रेषेवर चर खणून मातीचा बांध घातला. जेथें शतकानुशतकें पट्टा होता तेथें पहिल्यानें सरळ रेषा आली ती ही.

१६०३ सालीं एलिझाबेथ राणी निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स हाच इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. दोन राज्यांचा एक धनी झाल्यावर मधली सीमा कशाला ? जेम्स हा विद्वान राजा होता, आणि शब्दांच्या सामर्थ्यावर त्याचा भरंवसा होता. त्यानें ठरविलें कीं 'बॉर्डर्स' हें नांव यापुढें राहूं नये. तो मुलूख आतां आपल्या राज्याची कड नसून काळीज आहे, म्हणून त्याला 'मिडल शायर्स', म्हणजे मधले परगणे, असें म्हणावें. कल्पना वाईट नव्हती. पण नुसत्या नामकरणानें भागत नाहीं हें ओळखून त्यानें दुसरेहि उपाय योजिले. नाइकांचीं पदें मोडलीं, जुना सीमेचा कायदा रद्द केला, शस्त्रें व चांगले घोडे बाळगण्यास बंदी केली, आणि माणसें फांसावर चढविण्याचा सपाटा लावला. आधीं फांशी व मग चौकशी अशा न्यायास स्कॉटलंडांत जेडबर्ग गांवाच्या नांवानें ओळखतात. ग्रॅहॅम घराण्यांतील कुटुंबें समुद्रापलीकडे आयर्लंडांत हद्दपार झालीं. थोड्याच वर्षांत लूटमार बरीच थंडावली. जेम्सचा हेतु सिद्धीस गेला. त्याचा शब्द मात्र गेला नाहीं, कारण तो कोणाच्या तोंडीं बसलाच नाहीं. कागदोपत्रीं मधले परगणे झाले आणि लोकांच्या बोलण्यांत 'बॉर्डर्स' कायम राहिले.

याचें कारण आम्हांस असें दिसतें. राजाच्या दृष्टीनें 'बॉर्डर' म्हणजे दोन राज्यांची फूट. फूट मिटली कीं शब्दाचें काम संपलें. लोकांच्या दृष्टीनें तें त्यांच्या मायभूमीचें नांव होतें. त्यांच्या गाण्यांत, आडनांवांत, वैरांत आणि सोयरिकींत तें गुंफलेलें होतें. वॉल्टर स्कॉटनें १८०२ व १८०३ सालीं त्या मुलखांतील पोवाडे जमवून प्रसिद्ध केले, तेव्हां त्यानेंहि हेंच नांव वापरलें. ज्या सीमेपलीकडे लग्न करणें एके काळीं राजद्रोह होता, तीच सीमा अठराव्या शतकांत लग्नासाठीं ओलांडली जाऊं लागली. १७५३ सालच्या कायद्यानें इंग्लंडांत एकवीस वर्षांखालील मुलामुलींच्या लग्नास आईबापांची संमति आवश्यक झाली. स्कॉटलंडांत साक्षीदारांपुढें एकमेकांचा स्वीकार केला कीं पुरे. झालें. इंग्लंडांतील प्रेमी युगुलें रात्रींच्या रात्रीं गाड्या हांकीत सार्क नदी ओलांडून ग्रेटना ग्रीन गांवीं पोंचूं लागलीं, आणि तेथील लोहाराच्या ऐरणीपुढें लग्नें लागूं लागलीं. १८५६ मध्यें तीन आठवड्यांच्या वास्तव्याची अट आली तेव्हां या घाईला थोडा आळा बसला. गुरें पळविण्याच्या वाटांवरून आतां नवऱ्यामुली पळूं लागल्या, असें म्हणण्याचा मोह होतो. १९७५ सालीं स्कॉटलंडांत स्थानिक राज्यव्यवस्थेची पुनर्रचना झाली तेव्हां त्या मुलखाच्या एका मोठ्या भागास सरकारनेंच 'बॉर्डर्स' हें नांव दिलें, आणि १९९६ पासून 'स्कॉटिश बॉर्डर्स' हें तेथील अधिकृत नांव आहे. जेम्सच्या हुकुमास असें उत्तर मिळण्यास पावणेचारशें वर्षें लागलीं. २०१४ सालीं स्कॉटलंडनें स्वतंत्र व्हावें कीं काय यावर लोकमत घेण्यांत आलें व सुमारें ५५ टक्के मतें एकत्र राहण्याच्या बाजूनें पडलीं. पण त्या वादांत हा जुना शब्द पुन्हां सर्वांच्या तोंडीं आला.

'बाउंडरी' हा शब्द सतराव्या शतकांत रूढ झाला हेंहि अर्थपूर्ण आहे. तो मोजणीच्या, नकाशांच्या आणि कुंपणांच्या युगाचा शब्द. त्यापूर्वीं इंग्लंडांतील गांवें आपली हद्द नकाशानें नव्हे, पायांनीं लक्षांत ठेवीत. वसंत ऋतूंत ठराविक सणाच्या दिवशीं पाद्री व गांवकरी शिवेवरून चालत जात, पोरें हद्दीच्या दगडांवर काठ्या मारीत, आणि कधीं कधीं त्या पोरांनाच दगडावर आपटीत. हेतु हा कीं म्हातारपणीं साक्ष देण्याची वेळ आली तर जागा आठवावी. स्कॉटलंडांतील हॉइक, सेलकर्क वगैरे गांवीं दर वर्षीं जूनमध्यें घोड्यांवरून गांवच्या जमिनीची फेरी काढतात ती याच जातीची. आतां 'बाउंडरी' म्हटली म्हणजे आपल्या मुलांना चार धावा आठवतात; चुन्याची रेषा, चेंडू अलीकडे कीं पलीकडे, एवढाच प्रश्न.

परंतु चुन्याच्या रेषेचा हा न्याय जेव्हां देशांस लावला जातो तेव्हां तो खेळ राहत नाहीं. 'फ्रंटियर' या शब्दांत लॅटिन 'फ्रॉन्स', म्हणजे कपाळ, आहे; शत्रूकडे तोंड करून उभी असलेली बाजू. आपल्याकडे बंगालच्या फाळणीनें परिचित झालेल्या लॉर्ड कर्झन यानें १९०७ सालीं ऑक्सफर्ड येथें या विषयावर व्याख्यान दिलें आणि राष्ट्रांच्या सीमांस वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली. आरंभीं सांगितलेला तलवारीचा 'एज' असा फिरून राज्याच्या कडेला येऊन भिडला. ही धार किती तीक्ष्ण असते तें १९४७ सालीं दिसलें. त्यापूर्वीं हिंदुस्थानांत कधींहि न आलेल्या सिरिल रॅडक्लिफ यांनीं सुमारें पांच आठवड्यांत पंजाब व बंगाल यांच्यामधून रेषा ओढली, आणि ती १७ ऑगस्ट रोजीं, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर, जाहीर झाली. १५५२ च्या फ्रेंच वकिलानें निदान एका दहा मैलांच्या तुकड्यावर रेषा ओढली होती.

या विवेचनावरून एक गोष्ट आमच्या मनांत ठसते. भूमीच्या कडेचे जुने शब्द पट्ट्याचे आहेत. नवे शब्द रेषेचे आहेत. 'मार्च' किंवा 'बॉर्डर' म्हणणाऱ्यास त्या कडेवर माणसें राहतात हें गृहीतच असे. 'बाउंडरी' म्हणणाऱ्यास तेथें कोणी राहतें याची आठवण ठेवावी लागते. राज्यकर्त्यांना रेषेवांचून चालत नाहीं, हें खरें. कर कोठें घ्यावा, कोणता कायदा चालवावा, हें रेषेनेंच ठरतें. आणि वादग्रस्त भूमीचें काय होतें तें वर सांगितलेंच आहे. पण बाराजणांनीं व बाराजणांनीं बसून जो कायदा लिहिला, त्यांतील शहाणपण रेषा ओढल्यानंतरहि लागतेंच. तें जेथें नव्हतें तेथें रेषेच्या दोन्ही बाजूंस चिता पेटल्या.

शब्दाचें मात्र पाहा. 'बॉर्डर' हा आतां मराठीहि झाला आहे. पलटणींत असलेला मुलगा कोठें आहे असें विचारलें तर त्याची आई 'बॉर्डरवर' असें सांगते; आणि तीच आई दुकानांत लुगडें निवडतांना, अंग साधें चालेल पण 'बॉर्डर' चांगली हवी, असें बजावते. फ्रान्समधून कांठ म्हणून आलेला, स्कॉटलंडांत सीमा झालेला हा शब्द आपल्याकडे दोन्ही अर्थांनीं एकाच घरांत नांदत आहे. कपड्याचा कांठ उसवला तर वस्त्र लवकर फाटतें, हें तिला कोणत्याहि राजकारणी पुरुषाहून अधिक चांगलें ठाऊक असतें.